बरणीतले शिक्के

११ मार्च २००७

आज आमच्या जोहापची पाटी लागली. लाकूड बांग भाऊजींच्या मोडक्या कपाटाचं, रंग मालसूनच्या दुकानाच्या दाराला लावून उरलेला. ‘बामगोल’ हे टेकडीचं नाव ठसठशीत आलं, ‘घरं राखणारी’ इथपर्यंत रंग पुरला, आणि ‘जोहाप’पाशी डबा खरवडावा लागला. मालसून बायकांचे केस कुरळे करते आणि माणसांचे सरळ, अशी तिची ख्याती. ती म्हणाली, “घ्या! कामाचा शब्दच पुसट.”

मी म्हटलं, “असू दे गं. तेवढाच एक सगळ्यांना पाठ आहे.”

जोहाप म्हणजे दहा हातांनी एक ओझं उचलणं. एकाचं छप्पर गळलं तर सगळ्यांनी चढायचं. कुणाला घर विकणं भागच पडलं तर बाहेरच्याला नाही, जोहापला विकायचं. एवढं साधं.

समोर उभी आहे ती समिती. टेकडीखाली काचेच्या दुकानात बसते. म्हणवते रहिवाशांची, पण खुर्च्या, चहा, पगार सगळं बांधकाम कंपनीचं. चारांतल्या तीन घरमालकांचे शिक्के त्यांच्या कागदावर पडले की चौथ्याचंही घर पडतं, असा कायदा. मग इथे उंच इमारती येणार. आम्हाला म्हणे त्यात जागा, पण वर जी पैशांची भर घालायची ती आमच्या सात पिढ्यांना जमायची नाही. शेजारच्या टेकडीवर हेच झालं. तिथल्या माणसांचं पुढे काय झालं, कुणाला ठाऊक नाही.

आम्ही इथे हौसेने आलो नव्हतो. ओढ्याकाठच्या झोपड्या पाडून सरकारने ट्रकमधून या टेकडीवर ओतलं. माझा मुलगा ग्योंगहो तेव्हा तान्हा, पाठीशी बांधलेला होता. भिंतीची माती मी पायांनी मळली. त्या भिंतीला आता कुणी ‘जुनाट बांधकाम’ म्हणतं तेव्हा माझ्याच अंगाला कुणी जुनाट म्हणाल्यासारखं वाटतं.

१९ मार्च

समितीच्या बाया पुन्हा आल्या होत्या. छत्र्या, लिपस्टिक, आणि हातात चकचकीत पातेली. “आजी, एक शिक्का मारा, पातेलं ठेवून घ्या.” वरच्या गल्लीतल्या एका म्हातारीने पातेल्यासाठी शिक्का काढलाच होता. बांग भाऊजींनी मध्ये पडून समितीची बाई हाकलली, पण पातेलं ठेवून घेतलं. “जप्त केलं,” म्हणाले.

आमच्याकडे सहीला कोण विचारतो? कचेरीत नोंदवलेला शिक्का कागदावर पडला की माणूस बोलला. म्हणून सगळ्यांना धास्ती. आज एक भुलेल, उद्या दुसरा.

मालसूननेच तोड काढली. “सगळ्यांचे शिक्के एका जागी ठेवा. घरात शिक्काच नसेल तर मारणार काय, कपाळ?”

ठेवायचे कुणाकडे, यावर कुणी फार विचार केला नाही. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी घरी काजं-बटणं करून संसार ओढला. कारखान्याचं एक बटण कधी हरवलं नाही, एवढीच माझी लायकी.

२५ मार्च

शिक्के आले. सोयाबीनची चटणी मुरवायची माझी मातीची बरणी घासून, उन्हात वाळवून ठेवली होती. तरी वास जात नाही. मालसून म्हणाली, “समितीच्या बाया वासानेच पळतील.”

एकेक जण यायचा, खिशातून पिशवी, पिशवीतून कापडाची घडी, घडीतून शिक्का. जणू मुलगी सासरी धाडतायत. आणि एक गंमत. आम्ही इथे सगळे अमक्याची आई, तमक्याचे आजोबा. खरी नावं मी आज शिक्क्यांवर उलटी कोरलेली वाचली. बांग भाऊजींचं नाव क्वीनाम, म्हणजे मौल्यवान पुत्र.

मालसूनने कपाळाला हात लावला. “मौल्यवान? कुणाला?”

“आईला होतो,” भाऊजी म्हणाले. “नंतर भाव पडला.”

शेवटी दालसू आला, पाठीवर योनसिलला घेऊन. दालसू आमचा गल्लीप्रमुख. कचेरीतला कागद, विजेची तक्रार, कुणाचं दुखणं, सगळीकडे आधी तोच. त्याची बायको योनसिल दोन्ही पायांनी अधू. टेकडीच्या पायऱ्यांवर चाकाची खुर्ची काय करणार? तो तिला पाठीवर घेऊन उतरतो आणि पाठीवर घेऊन चढतो. तरुणपणी हसतहसत चढायचा. आता वर पोचला की आधी भिंतीला टेकतो.

योनसिलने स्वतःच्या हाताने त्याचा शिक्का बरणीत टाकला. “ताई, झाकण घट्ट लाव गं. हा माणूस फार भोळा आहे.” सगळे हसले. तोही.

मालसूनने मात्र जाताना बजावलं, “ग्योंगहोच्या आई, कशासाठीही असो, मला विचारल्याशिवाय माझा शिक्का बाहेर काढायचा नाही.”

“विश्वास नाही होय?”

“विश्वास आहे म्हणूनच सांगून ठेवतेय.”

८ एप्रिल

बांग भाऊजींचं छप्पर झालं. ज्याला चढता येत नाही त्याने खालून शिव्या दिल्या, तेही कामच. मी बटाटे उकडले. आज काही लिहावंसं वाटत नाही, इतकं बरं वाटतंय.

२२ एप्रिल

कंपनीने खाली नमुन्याचं घर उभारलंय. बसने नेतात, जेवू घालतात, घरी सोडतात. जोहापने ठरवलं होतं की कुणी जायचं नाही. दालसू गेला. लपवलं नाही, स्वतःच सांगायला आला.

“योनसिलला जरा बाहेर न्यावं म्हटलं, ताई. तिथे लिफ्ट आहे. ती आत बसली आणि खालीवर खालीवर, लहान पोरीसारखी. मी बाहेर उभा. दार उघडलं की ती हसायची, पुन्हा बंद. किती वर्षांनी ती माझ्याकडे समोरून येताना दिसली. एरवी तिचा श्वास तेवढा मानेला लागतो.”

मला गहिवरून आलं. मी त्याला उरलेली भाताची पेज दिली.

मालसूनला सांगितलं तर ती फणकारली, “फुकटचं जेवण पोटात गेलं की बोलायला लागतं.” मी तिला चांगलं झापलं. जो माणूस बायकोला एवढं जपतो, तो शेजाऱ्यांचा घात करील होय?

१७ मे

दालसू पायऱ्यांवर घसरला. योनसिलला खरचटलं नाही, पण त्याचा गुडघा गेला. तिच्या खाली स्वतःला टाकलं, म्हणून.

जोहापची बैठक बसली. सगळ्यांनी एकमताने ठरवलं की पायऱ्यांना कठडा बांधायचा. लोखंडी नळ्या कुणाकडून, सिमेंट कुणाकडून, सगळं तिथल्या तिथे. मला अभिमान वाटला. हीच तर जोहापची कमाई. लगोलग त्याच्या घरी जाऊन सांगितलं.

तो गुडघा शेकत होता. म्हणाला, “कठडा धरायला हात मोकळे लागतात, ताई.”

“एक हात तरी?”

तो हसला. “हो, एक हात तरी.” मग म्हणाला, “सगळ्यांना माझे आभार सांगा.”

मन मोठं आहे त्याचं.

६ जून

दालसू बरा होऊन कामाला लागला. आज लंगडत लंगडत म्हाताऱ्यांना गटागटाने कचेरीत घेऊन गेला. शिक्का ज्याचा त्याचाच, असा दाखला तिथे मिळतो. नुसत्या पाटीवर जोहाप चालत नाही, सरकारदरबारी नोंद हवी, आणि नोंदीला प्रत्येकाचा दाखला हवा, असं तो म्हणाला. मी बैठकीत एकदा विचारलंही होतं, आपली नोंद कधी? तेव्हा कुणाला सवड नव्हती. म्हटलं, करणारा शेवटी हाच.

बांग भाऊजी कचेरीतून खूश होऊन आले. “तिथली पोरगी म्हणाली, आजोबा, कशासाठी? मी छाती काढून म्हटलं, जोहापसाठी! तर म्हणते, अभिनंदन.”

१२ जून

आज नोंदीचे कागद झाले. दालसू गठ्ठा घेऊन आला. “ताई, सगळ्यांचे शिक्के तुमच्याकडेच आहेत, तुम्हीच मारून टाका. प्रत्येकाला टेकडी चढउतर कशाला? दाखले तर त्यांनी आपल्या हाताने आणलेत.”

मला पटलं. बरणी पुढ्यात घेतली, लाल शाईचा गोळा मऊ केला. प्रत्येक शिक्क्यावर आधी फुंकर, मग दाब, मग मनात ‘एक’ म्हणेपर्यंत थांबायचं, म्हणजे कडा फुटत नाहीत. एकही ठसा वाकडा गेला नाही. मौल्यवान पुत्राचा तर फारच देखणा आला.

कागद वाचून बघावा म्हटलं. मी चाळिशीत चर्चच्या तळघरातल्या वर्गात अक्षरं शिकले. छोटे शब्द झटकन लागतात, मोठे लागता लागता आधीचे विसरतात. वरची ओळ आगगाडीसारखी लांब होती. सुरुवातीला ‘बामगोल’, शेवटी ‘जोहाप’. मधले डबे सरकारी. म्हटलं, इंजिन आपलं, शेवटचा डबा आपला, मधल्यांची काय चौकशी करायची?

मालसून एका लग्नाला केस करायला गावाबाहेर गेलेली. तिचा शिक्का हातात घेऊन थोडी थांबले. दालसू म्हणाला, “त्यांचं नंतर करू हवं तर.” पण जोहापच्या नोंदीत मालसून नाही, म्हणजे मग जोहाप कसली? तिनेच तर सुरू केली. ती थोडीच नाही म्हणणार? मारला.

दालसू सगळा वेळ उंबऱ्यावर बाहेर तोंड करून बसला होता. जवाचा चहा दिला तो तसाच निवला. जाताना वाकून नमस्कार केला, सणाला करतात तसा, कपाळ जमिनीला लावून.

“अरे, हे काय? मी अजून मेले नाही!”

“गुडघा दुखतोय, ताई. उठायला वेळ लागतो.”

१३ जून

बोटांचा लाल रंग जात नाही. बरं वाटतं बघून.

९ जुलै

सकाळी भिंतीवर मोठं छापील पत्रक. ‘बामगोल’ आणि शेवटी ‘जोहाप’, सभेची तारीख. मी हरखले. दालसूने किती छान छापून घेतलंय! मालसूनला हाका मारत गेले. ती कुणाच्या तरी डोक्याला रंग लावत होती, तशीच हातमोजे घालून आली.

तिने मोठ्याने वाचलं. सगळे डबे वाचले. बामगोल, जुनी, घरं, पाडून, नवी, बांधणाऱ्या, मालकांची, जोहाप.

“हे आपलं नाही,” ती म्हणाली.

“जोहाप लिहिलंय की.”

“अगं बाई, समितीने कात टाकली. चारांतले तीन शिक्के मिळाले की समितीचं नाव बदलतं. मग तिलाही जोहापच म्हणतात. कायद्यातच तसं आहे.” आणि मग ती माझ्याकडे बघत राहिली. “पण तीन शिक्के मिळाले कुठून?”

तिने माझा हात उचलून बोटं बघितली. त्यांवर आता काही नव्हतं. तरी तिला दिसलं.

रंग लावलेली बाई दुकानातून ओरडत होती, “अगं, जळतंय डोकं!” मालसून हलली नाही.

१० जुलै

दालसूकडे गेले. मालसून येते म्हणत होती, तिला नको म्हटलं. तिच्या हातात कात्री होती.

तो अंगणात लाल मिरच्या वाळत घालत होता. मला बघून उभाही राहिला नाही, बसलाही नाही, तसाच अर्धा वाकलेला.

“तू मला फसवलंस.”

“मी जोहाप म्हणालो, ताई. जोहापच आहे.”

“केसाने गळा कापतोस आणि वर व्याकरण शिकवतोस?”

“सातवा मजला,” तो म्हणाला. “त्यांनी लिहून दिलंय, वर काही न घालता. लिफ्ट थेट दारापर्यंत. तुम्ही कठडा दिलात. मला तुमचा राग नाही. पण माझा गुडघा आता गेला आहे. मी एक दिवस पायरीवर मरून पडेन आणि ती माझ्या पाठीवर बांधलेलीच राहील. कुणी बघेपर्यंत.”

“मग तसं बोलला असतास! अख्खी टेकडी तुमच्यासाठी पालखी झाली असती!”

“किती दिवस?”

आता लिहिताना याची पुष्कळ उत्तरं सुचतात.

आतून योनसिलचा आवाज आला. दार अर्धं उघडं होतं, ती सगळं ऐकत होती. “मला कुणी विचारलं? मी कधी म्हटलं खाली जायचंय?”

“तू लिफ्टमध्ये हसत होतीस,” तो म्हणाला.

“जत्रेतल्या पाळण्यातही हसतात माणसं. पाळण्यात राहायला जातात का?”

तो मिरच्या पसरत राहिला. एकीवर एक पडू नये म्हणून बोटाने वेगळ्या करत होता.

१२ जुलै

दारोदार जाऊन सांगितलं. सांगणं काय, प्रत्येक दारात तेच वाक्य: तुमचा शिक्का मी मारला, तुमचं घर मी दिलं.

एकीने माझ्या तोंडावर दार लावलं. मग उघडलं, आणि काकडीचं सरबत दिलं, आणि पुन्हा लावलं. एक जण म्हणाला, बरंच झालं, सुटलो. बांग भाऊजींना तीनदा सांगावं लागलं.

“म्हणजे आपली जोहाप मोठी झाली, वहिनी?”

“नाही हो भाऊजी. ती त्यांची. घरं पाडणारी.”

“मग आपल्या जोहापला सांगा ना, त्यांच्या जोहापला थांबवा म्हणावं.”

१४ जुलै

लोक येऊन शिक्के परत नेतायत. कुणी रागाने नेत नाही, तेच वाईट. “असू दे, पोस्टात लागतो,” “पेन्शनला लागतो.” बरणी रिकामी झाली. मालसून आलीच नाही. तिचा शिक्का मी रुमालात बांधून तिच्या पायरीवर ठेवून आले.

२३ जुलै

गरिबांच्या खटल्यांचं बघणारी एक वकीलबाई आहे, तिच्याकडे गेले. मालसूनच घेऊन गेली. सबंध रस्ता बोलली नाही, पण बसमध्ये जागा मिळाली तशी मला बसवलं.

वकीलबाई तरुण, डोळ्यांखाली काळं. म्हणाली, “संमती मागे घ्यायची मुदत गेली, आजी. त्यांचा अर्ज मंजूर झाला आहे. आता एकच वाट. मालकांच्या नकळत, त्यांना न विचारता शिक्के मारले गेले, असं सिद्ध झालं तर ती संमती संमतीच नाही. मग सगळं कोसळतं.”

“तसंच झालंय!” मी म्हटलं. “एकालाही विचारलं नाही मी.”

“पण मग न विचारता मारले कुणी, हा प्रश्न येतो.” तिने पेन खाली ठेवलं. “दुसऱ्याचा शिक्का चोरून वापरणं हा गुन्हा आहे. तुरुंगाची शिक्षा होऊ शकते. तुमच्या वयालाही.”

मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू! जे मी मोडलं ते माझ्याच अंगावर घेऊन जोडता येतंय. देव एवढा सोपा हिशेब कुणाला देतो?

बाहेर आल्यावर मालसून पहिल्यांदा बोलली. “तू जाणार नाहीस.”

“मी जाणार.”

“या वयात? तिथे जमीन गार असते.”

“माझ्याही घराची गारच आहे. पण ती माझी आहे. भाऊजींची आहे. तुझी आहे.”

ती रडत होती का, बघितलं नाही. बसची वाट बघत आम्ही दोघी दोन दिशांना तोंड करून उभ्या होतो.

३ ऑगस्ट

ठाण्यात जाऊन जबानी दिली. दारातल्या पोराने “मेंग सुनदक! मेंग सुनदक!” असं दोनदा पुकारलं, तेव्हा कळलं की ही मीच. नवरा गेल्यापासून त्या नावाने कुणी हाक मारली नव्हती.

तपास करणारा साहेब सभ्य होता. मी सगळं सांगितलं. फुंकर सांगितली, दाब सांगितला. मालसूनने बजावलं होतं तेही सांगितलं. तो म्हणाला, “आजी, इतकं खरं सांगायची सवय नसते इथे कुणाला.” आता तो एकेका घरमालकाला बोलावणार, विचारणार: तुम्ही शिक्का मारायला सांगितलं होतं का?

“नाही म्हणाले की झालं,” तो म्हणाला.

“नाहीच म्हणतील. खरंच नव्हतं सांगितलं.”

ग्योंगहोचा उल्सानहून फोन आला होता. जहाजांच्या गोदीत असतो, मागे घणांचा आवाज. “आई, तू वेडी आहेस का?” मग बराच वेळ नुसते घण. मग म्हणाला, “लोकरीचे मोजे आहेत ना?”

१९ ऑगस्ट

मजेशीर दिवस आहेत. दालसूशी कुणी बोलत नव्हतं. आता तो रोज संध्याकाळी योनसिलला पाठीवर घेऊन घरोघर जातो, आणि लोक दार उघडतात, आत घेतात. मी वळणावर दिसले की सगळे गप्प. काल मालसूनच्या दुकानात पाच जणी बसलेल्या, एकीचंही डोकं ओलं नाही. मी आत गेले तर सगळ्या एकदम हवेबद्दल बोलायला लागल्या.

रागावले असतील. रागावू देत. राग धरूनच ‘नाही’ म्हणतील, तेवढं पुरे.

योनसिलची नजर मात्र वेगळी वाटली. दालसूच्या खांद्यावरून मला म्हणाली, “ताई, जेवतेस ना नीट?”

५ सप्टेंबर

सगळ्यांच्या जबान्या झाल्या म्हणे. भाऊजी नवा सदरा घालून गेले होते. आल्यावर विचारलं, काय सांगितलंत? म्हणाले, “जे सांगायचं ते.” आणि इतके खूश दिसले की मीही खूश झाले.

लोकरीचे मोजे, दातांचा ब्रश आणि ग्योंगहोच्या बापाचा फोटो एका पिशवीत भरून ठेवलाय.

१९ सप्टेंबर

साहेबाने बोलावलं होतं. पिशवी घेऊनच गेले.

त्याने खुर्ची दिली. “आजी, तुम्ही सुटलात. गुन्हा काही झालेलाच नाही.”

मला वाटलं, ऐकायला चुकले.

त्याने एकेक वाचून दाखवलं. ‘ग्योंगहोच्या आईने मला विचारलं होतं. मीच मार म्हटलं.’ ‘विचारलं होतं, कागदही वाचून दाखवला होता.’ ‘माझा शिक्का माझ्या इच्छेने.’ बांग क्वीनाम: ‘मी स्वतः तिथे होतो, मीच तिचा हात धरून मारला.’ जे पातेल्यावर भाळले होते तेही, ज्यांनी तोंडावर दार लावलं तेही. एकानेही ‘नाही’ म्हटलं नव्हतं.

“आणि ही केस कापणारी?” मी विचारलं. “तिने तर आधीच बजावलं होतं!”

त्याने पान उलटलं. मालसूनने लिहून दिलं होतं: ‘बजावलं होतं. पण लग्नाला निघताना मीच सांगून गेले की मार.’

“खोटं बोलतायत हे!” मी ओरडले. “साहेब, सगळे खोटं बोलतायत! त्यांना पुन्हा बोलवा. दोन चांगल्या थोबाडीत द्या!”

त्याने चष्मा काढून पुसला. “मलाही दिसतंय, आजी. पण सगळी टेकडी एकच बोलतेय. तिच्या विरुद्ध तुम्ही एकट्या.” मग कागद एकावर एक ठोकून सरळ केले. “या जबान्या आता संमतीच्या प्रकरणातही लागतील. संमती खुशीने दिली होती, हे त्यांनी स्वतःच सांगितलंय. यापुढे कुणाला काही म्हणता येणार नाही. जा, घरी जा.”

फाटकाबाहेर सगळे उभे होते. खरंच सगळे. ज्यांना टेकडी उतरवत नाही तेही. योनसिल दालसूच्या पाठीवर. मालसून पुढे आली, हातात सोयाबीनच्या पांढऱ्या तोफूची लादी, अजून वाफ येत होती. तुरुंगातून सुटून आलेल्याला पहिला घास तोफूचा देतात, पुढचं आयुष्य तसंच पांढरं जावं म्हणून. मी तुरुंगाचं दारही पाहिलं नव्हतं.

“काय केलंत हे!” मी म्हटलं. “एक शब्द बोलायचा होता. नाही म्हणायचं होतं नुसतं!”

“आणि तुला आत पाठवून तुझ्या भिंतीआड आम्ही झोपायचं?” मालसून म्हणाली. “असली घरं कुणाला हवीत?”

“मला हवी होती!”

“दालसू दारोदार फिरला, वहिनी,” बांग भाऊजी अभिमानाने म्हणाले. “म्हणाला, नाही म्हणाल तर तिला बेड्या पडतील. सगळ्यांनी एक बोला, म्हणाला. आणि बघा, एकजण फुटला नाही! याला म्हणतात जोहाप.”

मी दालसूकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता. माझ्यासाठी फिरला की सातव्या मजल्यासाठी, ते त्याच्या तोंडावरून कळेना. मला वाटतं त्यालाही कळत नसावं.

“खा आधी,” मालसून म्हणाली. “निवतंय.”

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, लेकराला पहिला घास भरवताना बघतात तसे. इतकी आनंदी तोंडं छप्पर झालं त्या दिवसानंतर मी पाहिली नव्हती. मी तोफू खाल्ला. रस्त्यावर उभ्याने, हातानेच, संपूर्ण. मीठ नव्हतं.